समास सोडून

लेखनात आशय हा प्राण आणि मांडणी हे केवळ त्याचे वस्त्र, असे आपण साहित्याच्या बैठकीत नेहमी म्हणतो. वस्त्र जीर्ण असले तरी माणूस तोच राहतो, हा त्यातला गर्भितार्थ. ज्या कचेरीत माझी चौतीस वर्षे गेली, तेथे मात्र हा विचार कोणाला पटला नसता. जिल्ह्याच्या तिजोरी कचेरीत (गुजरातेत कोषागाराचे हेच नाव रूढ आहे) रक्कम बरोबर असून भागत नाही. ती बरोबर रकान्यात असावी लागते. जमेच्या रकान्यातले पाचशे रुपये नावेच्या रकान्यात पडले तर आकडा तोच राहतो आणि अर्थ उलटा होतो. मागील पानाची बेरीज पुढील पानाच्या माथ्यावर आणली नाही तर सारी वही खोटी पडते. तेथे मांडणी हाच निम्मा आशय होता.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. मोडीतले जुने कागद पाहावेत. आधी ओळीची आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगीत जायची. हिशेबात वर एकूण रक्कम, तिच्याखाली ‘बितपशील’ म्हणून थोडी आत सरकवलेली कलमे, आणि एखाद्या कलमाचे पुन्हा पोटभेद असले तर ते आणखी आत. डावीकडची मोकळी जागा पाहूनच कारकुनाला कळे की कोणती बाब कोणाच्या पोटात आहे. या मोकळ्या जागेला आपण ‘समास’ म्हणतो. शाळेत ‘समास सोडून लिहा’ असे गुरुजी दरडावीत तेव्हा ती केवळ टापटिपीची गोष्ट वाटे. साठी उलटल्यावर तिचा खरा उपयोग मला एका संगणकीय भाषेने नव्याने शिकवला, त्याची ही हकिगत.

येथील एका जुन्या मराठी मंडळाचा ग्रंथसंग्रह आहे. गायकवाडी काळापासून बडोद्यात स्थायिक झालेल्या घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वाढवला. ग्रंथालयाचे वेड या शहराला नवे नाही. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या तज्ज्ञास बोलावून राज्यातील ग्रंथालयांची घडी बसवली. ग्रंथ कसे लावावेत, त्यांची नोंद कशी असावी, याची शिस्त त्या काळी येथे रुजली आणि तिचे संस्कार लहानमोठ्या मंडळांवरही झाले. पण मंडळे म्हातारी होतात. नवी पिढी पुणे, बंगळूर आणि परदेशी गेली. जागा सोडण्याची वेळ आली. एका मोठ्या ग्रंथालयाने संग्रह स्वीकारण्याची तयारी दाखवली, परंतु अट एक: प्रत्येक ग्रंथाची संपूर्ण यादी ‘जेसन’ या स्वरूपात हवी. यादी नसेल तर निवड करता येणार नाही, आणि जे निवडले जाणार नाही त्याचे काय होते हे जुन्या पुस्तकांच्या मालकांस सांगावयास नको. रद्दीवाला वजनावर घेतो.

यादी होती, आणि नव्हतीही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मंडळाने एका व्यावसायिकाकडून ती संगणकावर टंकित करून घेतली होती. त्या काळी मराठीसाठी खास फॉन्ट असत. फाइलीच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत साठवले जात आणि तो विशिष्ट फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवी. त्या गृहस्थांनी फाइल दिली, फॉन्ट दिला नाही. पुढे त्यांचा व्यवसायही बंद पडला. मुखवटा गळाल्यावर उरली ती स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरे यांची खिचडी. सुदैवाने हस्तलिखित नोंदवही शाबूत होती. तेव्हा निवृत्तीनंतर हाताशी असलेला वेळ आणि तिजोरी कचेरीची सवय या दोहोंच्या बळावर हे काम मी अंगावर घेतले.

जेसन म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००१ च्या सुमारास पुढे आणलेली ही माहिती लिहिण्याची एक पद्धत आहे. २०१३ साली तिला रीतसर मानकाचा दर्जा मिळाला. तिचे नियम अंतर्देशीय पत्रावर मावतील इतके थोडे आहेत. महिरपी कंसात एका वस्तूची माहिती. तीत डावीकडे बाबीचे नाव, मग अपूर्णविराम, मग त्या बाबीचे मूल्य. अनेक वस्तूंची मालिका असेल तर ती चौकोनी कंसात. मजकूर अवतरणचिन्हांत, संख्या चिन्हांविना. शेवटच्या बाबीनंतर स्वल्पविराम टाकला तर संपूर्ण कागद नामंजूर. ही शिस्त मला एखाद्या कडक लेखापरीक्षकासारखी वाटली आणि म्हणूनच आवडली.

ही यादी तयार करण्यासाठी सूनबाईने मला पायथन ही भाषा शिकवली. ती संगणक क्षेत्रात आहे आणि तिचे माहेर इंदूरचे; म्हणजे हिंदी, गुजराती आणि मराठी अशा तीन तीरांवरचा आमचा संसार. पायथन ही भाषा नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. तिचे नाव अजगरावरून पडलेले नाही, एका विनोदी ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवरून पडले आहे. तिचे एक वैशिष्ट्य ऐकून मात्र मी चकित झालो. इतर अनेक भाषांत कोणती आज्ञा कोणाच्या पोटात हे कंसांनी दाखवतात. पायथनमध्ये ते डावीकडच्या मोकळ्या जागेने ठरते. समास चुकला तर कार्यक्रम चालतच नाही. ज्या भाषेत समास हेच व्याकरण आहे, तिच्याशी माझ्यासारख्याचे जुळायला वेळ लागला नाही.

नोंदवहीतून पहिली काही पाने भरून झाली आणि यादी जेसनमध्ये उतरवण्याची आज्ञा दिली. पडद्यावर जे आले ते एकच एक अखंड ओळ होती, आणि त्या ओळीत मराठीचे एकही अक्षर नव्हते. ‘शतक’ या साध्या शब्दाच्या जागी उलटी तिरकी रेघ, यू, ०९३६. पुन्हा तिरकी रेघ, यू, ०९२४. पुन्हा तिरकी रेघ, यू, ०९१५. पंचवीस वर्षांपूर्वीची खिचडी पुन्हा ताटात वाढल्यासारखे झाले.

सूनबाई म्हणाली, “बाबा, यात काही बिघडलेलं नाही. अक्षरं सगळी शाबूत आहेत. फक्त मराठी तशीच लिहिली तर चालेल, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.”

“अगं, पण हे सांगावं का लागतं?” मी विचारले.

“कारण न सांगता तो सर्वांत घाबरट वाट धरतो,” ती म्हणाली.

या घाबरटपणाला इतिहास आहे. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांची जी प्रमाण संकेतमाला ठरली, तिला आस्की म्हणतात. तिच्यात एकूण १२८ घरे. इंग्रजी मुळाक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राच्या काही खुणा एवढ्यांत ती भरून गेली. पुढे १९९१ पासून युनिकोड आले आणि जगातील लिप्यांना आपापले घर मिळाले. देवनागरीच्या वाट्याला ०९०० पासून पुढे १२८ घरे आली, आणि त्यांची रचना भारतात आधी ठरलेल्या ‘इस्की’ या मानकावर आधारलेली होती. त्यामुळे एक मौज झाली. गुजरातीचा ‘क’ देवनागरीच्या ‘क’पासून बरोबर ३८४ घरे पुढे आहे, ‘ख’ही तितकाच, ‘ळ’ही तितकाच. शेजारच्या सोसायटीत तोच मजला आणि तोच दरवाजा असावा तसे. मात्र ‘दुसऱ्या’ या शब्दात आपण जो ‘ऱ’ वापरतो, त्याची जागा गुजरातीच्या सोसायटीत रिकामी आहे. मराठी माणसाला परप्रांतात नेमके काय सोडावे लागते, याचा हा एक चिमुकला दाखला.

तरीही वाटेतली सारी यंत्रे युनिकोड समजतीलच याची खात्री जुन्या काळी नव्हती. म्हणून पायथनने सावधगिरीचा नियम ठेवला: वेगळे सांगितले नाही तर आस्कीबाहेरचे प्रत्येक अक्षर त्याच्या घरक्रमांकाने लिहावे. अर्थ सुरक्षित राहतो. यंत्र तो परत अक्षरांत आणू शकते. परंतु माणसाला तो वाचता येत नाही, आणि फाइलही फुगते. युटीएफ-८ या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते. घरक्रमांकाने लिहिले तर तेच सहा घेते.

उपाय दोन शब्दांचा निघाला. जेसन लिहिण्याच्या आज्ञेत ‘एन्शुअर आस्की’ नावाची एक कळ आहे. ती बंद करावयाची, म्हणजे ‘फॉल्स’ म्हणावयाचे. आणि ‘इंडेंट’ नावाची दुसरी कळ आहे. तिला २ किंवा ४ असा आकडा द्यावयाचा. फाइल उघडताना तिची संकेतपद्धती युटीएफ-८ आहे हेही स्पष्ट लिहावयाचे, नाहीतर काही संगणक आपल्या मनाची पद्धत लावतात. एवढे केल्यावर जे उमटले ते असे:

{
  "शीर्षक": "ज्ञानेश्वरी",
  "कपाट": "दुसरे",
  "अवस्था": "पुठ्ठा सुटलेला"
}

प्रत्येक बाब आपल्या ओळीवर, डावीकडे नेमका समास, आणि अक्षरे आपली. मोडीतल्या बितपशिलाचा हा दूरचा नातलग मी चटकन ओळखला.

मला मात्र तक्ताच हवा होता. तिजोरी कचेरीचा माणूस रकान्यांवाचून कसा राहील? पायथनमध्ये प्रत्येक रकान्याला रुंदी देता येते: शीर्षकाला तीस जागा, लेखकाला वीस, आणि उरलेली जागा रिकामी भरून काढ, असे सांगता येते. इंग्रजी नावांचा तक्ता आखल्यासारखा सरळ येतो. मराठीचा मात्र वाकडातिकडा होतो, कारण यंत्र अक्षरे मोजते ती आपल्यासारखी नव्हेत. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात: ज्ञा, ने, श्व, री. पायथनला विचारले तर तो अकरा सांगतो. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र आणि दीर्घ वेलांटी, असे ते अकरा. त्यामुळे अकरा जागा व्यापल्या असे समजून तो रिकामी जागा कमी सोडतो आणि पुढचा रकाना डावीकडे घसरतो. जोडाक्षरे जितकी अधिक तितकी घसरगुंडी मोठी. दृश्य अक्षरे मोजण्याच्या युक्त्या आहेत. पण देवनागरीत ‘र’ची रुंदी वेगळी आणि ‘क्ष’ची वेगळी, तेव्हा अक्षरांची मोजणी जुळली तरी रेघ जुळेलच असे नाही.

येथे मला समासाचे खरे मर्म उमगले. रकाना हा शब्दाच्या रुंदीवर अवलंबून असतो, समास नसतो. समास ओळीच्या आरंभी, शब्द सुरू होण्यापूर्वीच सोडला जातो, म्हणून पुढे इंग्रजी येवो, मराठी येवो की गुजराती, डावी कड सरळच राहते. ज्याला छापील तक्ता हवा असेल त्याने तीच माहिती स्प्रेडशीटमध्ये न्यावी, तेथे रेघा आखणे हे त्या यंत्राचे काम आहे. पायथनच्या ‘पीप्रिंट’ या सुबक छपाईच्या साधनातही ओळीची मूळ मर्यादा ८० अक्षरांची आहे. आयबीएम कंपनीने १९२८ साली काढलेल्या छिद्रांच्या कार्डावर ८० स्तंभ होते. त्या कार्डांची सवय पुढे पडद्यांना लागली आणि पडद्यांची सवय भाषांना. सरकारी कचेरीत रूढी कशा टिकतात हे पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही.

क्रमाचाही प्रश्न होताच. बाबींची नावे आपोआप वर्णानुक्रमे लावण्याची सोय पायथनमध्ये आहे. ती मी वापरली नाही. ती वापरली तर ‘अवस्था’ सर्वांत वर येते आणि ‘शीर्षक’ तळाशी जाते, म्हणजे पुस्तकाचे नाव कळण्याआधी त्याचा पुठ्ठा सुटल्याचे कळते. २०१८ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून, ज्या क्रमाने बाबी भराव्यात त्याच क्रमाने त्या राहतील अशी हमी पायथन देतो. तेवढी पुरे होती. ग्रंथांच्या नावांचा क्रम मात्र स्वतः लावावा लागला. युनिकोडमध्ये ‘ळ’चे घर ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी आहे. यंत्राच्या मते म्हणूनच ‘काळ’ आधी आणि ‘काव्य’ नंतर. आपण मुळाक्षरे शिकलो ती ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ अशी. मराठी माणूस यादीत ‘काळ’ शोधील तो ‘काव्य’च्या पुढे. तेव्हा आपली वर्णमाला यंत्रास पढवली.

सालांच्या बाबतीत यंत्राने सुखद धक्का दिला. जुन्या ग्रंथांवर छपाईचे वर्ष शकात असते. ‘१८३३’ असे देवनागरी अंकांत लिहिलेले वर्ष पायथनला दिले आणि संख्या कर म्हटले, तर तो निमूट ती संख्या मानतो. त्यात ७८ मिळवून १९११ हे इसवी साल काढून देतो. (शकाचे वर्ष चैत्रात पालटते, म्हणून पौष ते फाल्गुनातील छपाईला एक अधिक धरावा लागतो, परंतु महिना बहुधा छापलेला नसतो.) जेसनमध्ये संख्या लिहिताना मात्र इंग्रजी अंकच चालतात. म्हणून दोन बाबी ठेवल्या: ग्रंथावर छापले आहे ते वर्ष जसेच्या तसे मजकूर म्हणून, आणि इसवी साल संख्या म्हणून. मूळ पुरावा आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळ्या रकान्यांत असावेत, हा कचेरीचाच धडा.

यादीचा निम्मा भाग झाल्यावर मंडळाच्या बैठकीत एका सभासदांनी रास्त प्रश्न केला. ही यादी शेवटी दुसऱ्या ग्रंथालयाचे यंत्रच वाचणार आहे. मग ती माणसाला वाचता यावी म्हणून एवढा खटाटोप कशासाठी? घरक्रमांकांची अखंड ओळ पाठवली असती तरी त्यांचे काम झालेच असते. हे म्हणणे तांत्रिक दृष्ट्या खरे होते. उत्तर देण्याऐवजी मी समास सोडलेली यादी मोठ्या अक्षरांत छापून घेतली आणि तिच्या प्रती जुन्या सभासदांच्या घरी पाठवल्या.

पंधरा दिवसांत प्रती परत येऊ लागल्या. कोणी लाल शाईने शुद्धलेखन सुधारले होते, कोणी दोन खंडांपैकी एक आपल्याच घरी राहिल्याचे कबूल करून तो पाठवला होता. एक प्रत नव्वदीच्या घरातील एका बाईंकडून आली. मला लहानपणापासून ओळखणाऱ्या त्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. काही ग्रंथांपुढे दात्याच्या बाबीत एका प्रतिष्ठित गृहस्थांचे नाव होते. नोंदवहीत तसेच होते आणि यादीत तसेच उतरले. मावशींनी त्या नावाखाली रेघ मारून लिहिले होते की ही पुस्तके त्यांच्या आत्याबाईंची. आत्याबाई बालविधवा, भावाच्या घरी राहत. शिकवणीच्या पैशांतून एकेक ग्रंथ विकत घेत, आणि पहिल्या पानावर पेन्सिलीने फक्त तारीख घालीत, नाव घालीत नसत. त्या गेल्यावर पुस्तके मंडळाला दिली गेली आणि पावती घरातील कर्त्या पुरुषाच्या नावे फाटली.

मी कपाट उघडून पाहिले. पहिल्या पानांवर पेन्सिलीच्या तारखा होत्या, पुसट पण एकाच हाताच्या. मंडळाच्या कार्यकारिणीने ठराव केला आणि यादीत दात्याच्या बाबीसमोर आत्याबाईंचे नाव आले. जुनी नोंद खोडली नाही. ‘पावती कोणाच्या नावे’ अशी निराळी बाब करून ती तेथे ठेवली. ज्या सभासदांनी प्रश्न केला होता त्यांनीच या ठरावाला अनुमोदन दिले.

घरक्रमांकांच्या ओळीत हे नाव दडलेलेच होते. तिरकी रेघ, यू आणि चार आकडे यांच्या त्या रांगेत एकही अक्षर चुकीचे नव्हते. पण तेथे मावशींना लाल रेघ मारता आली नसती. यंत्राला वाचता येणारी नोंद टिकते, आणि माणसाला वाचता येणारी नोंद दुरुस्त होते. आपल्यासारख्या, मूळ प्रांतापासून दूर राहिलेल्या समाजाला दोन्ही लागतात. आपल्या भाषेची कागदपत्रे ज्यांच्या हाती जातात त्यांतले पुष्कळजण ती भाषा जाणत नाहीत. तेव्हा दुरुस्ती करू शकणारी माणसे आहेत तोवरच अक्षरे त्यांच्यासमोर उलगडून ठेवली पाहिजेत.

शेवटी ग्रंथालयाकडे दोन फाइली गेल्या. एक यंत्रासाठी, जागा वाचवणारी, एकाच ओळीत आवळलेली. दुसरी माणसांसाठी, समास सोडून लिहिलेली. माहिती दोहोंत तीच आहे. पहिली त्यांच्या संगणकात भरली गेली. दुसरीची एक छापील प्रत मावशींनी आपल्याजवळ ठेवून घेतली आहे, आणि तीत आणखी दोन दुरुस्त्या निघाल्याचा त्यांचा निरोप कालच आला.